ओंडक्यांचा रस्ता आणि माणसांची रांग

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहरात ‘स्किड रो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पत्ता विचारावा लागत नाही. स्वस्त खोल्यांची जुनाट हॉटेलं, दारूची दुकानं, धर्मादाय संस्थेच्या दारातली जेवणाची रांग, पदपथावर ताणलेले तंबू आणि या सगळ्यात सापडलेला, आयुष्यातून उठलेला माणूस, एवढं सगळं या दोन शब्दांत येतं. न्यू जर्सीतल्या एका रॉक बँडने हे नाव घेतलं, ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ या संगीतिकेतलं फुलांचं दुकान याच वस्तीत आहे. शब्द मुळात जंगलातला, लाकूडतोडीच्या धंद्यातला. त्याची सांगितली जाणारी गोष्ट अशी: जंगलात तेल लावलेला एक रस्ता असे, त्यावरून ओंडके घसरत खाली येत, पुढे शहरात माणसं तशीच घसरत खाली आली, आणि वस्तीला त्या रस्त्याचं नाव पडलं. गोष्ट सुटसुटीत आहे. सांगायला सोपी म्हणून टिकलीही आहे. पण पुरावे पाहिले तर तिचा कणाच चुकीचा निघतो. या शब्दाच्या प्रवासात मला घसरण फारशी दिसत नाही, वजाबाकी दिसते. दर टप्प्यावर शब्दातून काम, मजुरी आणि मालक यांची आठवण थोडी थोडी कमी होत गेली, आणि शेवटी बाकी उरला तो फक्त पडलेला माणूस.

सुरुवात रस्त्यापासूनच करायला हवी, कारण मूळ ‘स्किड रोड’ हा घसरगुंडीचा रस्ता नव्हताच. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, आजच्या वॉशिंग्टन आणि ओरेगॉन राज्यांत आणि त्यांच्या वर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात, डग्लस फर आणि सीडरची प्रचंड झाडं होती. साठ-सत्तर मीटर उंचीचं झाड पाडणं हे निम्मंच काम. पाडलेलं धूड पाण्यापर्यंत नेणं हा खरा प्रश्न. जमीन चिखलाची, मुळ्यांनी आणि पडझडीने भरलेली. त्यावर तोडगा असा काढला गेला की वाटेवर आडवे, लहान जाडीचे ओंडके ठरावीक अंतराने अर्धवट पुरायचे, रेल्वेच्या स्लीपरसारखे. हे आडवे ओंडके म्हणजे ‘स्किड’. त्यांच्या मधोमध खोबण पाडायची, म्हणजे वरून जाणारा मोठा ओंडका बाजूला कलंडत नाही. मग बैलांच्या जोड्या, कधी पाच, कधी दहाही, एकामागे एक जुंपायच्या आणि साखळीने एकमेकांना जोडलेल्या ओंडक्यांची माळ त्यांच्यामागे ओढत न्यायची. बैल हाकणारा हा छावणीतला सर्वांत मानाचा आणि चांगल्या पगाराचा माणूस. त्याच्या शिव्यांच्या भांडारावर त्या भागात दंतकथा आहेत. ओंडक्यांपुढे एक पोऱ्या बादली घेऊन चाले आणि स्किडवर माशाचं तेल किंवा चरबी फासत जाई. तेल होतं ते घर्षण कमी व्हावं म्हणून. ओंडका आपोआप घसरला तर तो पुढच्या बैलांच्या अंगावरच जायचा, म्हणून तीव्र उतारावर तेल बाजूला ठेवून वाळू-माती टाकून वेग आवरावा लागे. ओंडके खरोखर घसरवत आणण्यासाठी लाकडी पन्हळी असत, पण ती वेगळी सोय होती आणि तिला नावही वेगळं होतं. स्किड रोड म्हणजे ओढण्याचा रस्ता. माणूस आणि जनावर यांच्या जोरावर चालणारा, मुद्दाम बांधलेला आणि रोज दुरुस्त करावा लागणारा.

खुद्द ‘स्किड’ या शब्दाचा पूर्वेतिहासही घसरणीच्या गोष्टीला साथ देत नाही. त्याचं नातं जुन्या नॉर्स भाषेतल्या लाकडाच्या फळकुटाशी असावं असं मानलं जातं. बर्फावरची ‘स्की’ याच मुळाची. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत स्किड म्हणजे जड वस्तूखाली घालायचा वासा. त्याच काळात त्याला क्रियापदाचं रूप आलं, आणि त्याचा अर्थ होता उतारावर गाडीच्या चाकाखाली लाकडी पाचर किंवा बूट अडकवून चाक जाम करणं. म्हणजे ब्रेक लावणं! जाम केलेलं चाक फिरत नाही, फरपटत जातं आणि ओल्या रस्त्यावर बाजूला सरकतं. त्या सरकण्यालाच पुढे, एकोणिसाव्या शतकात, स्किड म्हणू लागले. अडवण्याच्या शब्दातून निसटण्याचा अर्थ निघाला तो असा. विसाव्या शतकात मोटारी आल्या, ओल्या डांबरावर घसरू लागल्या, आणि स्किड म्हणजे घसरणं हे समीकरण सगळ्यांच्या तोंडी पक्कं झालं. जंगलातला शब्द शहरात स्थिरावत होता तोही हाच काळ. लोकांनी नव्या अर्थाचा चष्मा लावून जुना शब्द वाचला, असा माझा तर्क आहे, आणि कालक्रम त्याला अनुकूल आहे.

मूळ स्किड रोड नेमका कुठला, यावर शहरांमध्ये भांडण आहे. सर्वांत मोठा दावा सिअ‍ॅटलचा. १८५१ च्या नोव्हेंबरात डेनी आणि त्यांच्याबरोबर वसाहत करायला आलेली कुटुंबं आल्काय इथे उतरली, दुसऱ्या वर्षी खाडीच्या आतल्या बाजूला सरकली, आणि त्याच वर्षी हेन्री येस्लर वाफेवर चालणारी लाकूड कापण्याची गिरणी घालण्यासाठी जागा शोधत आला. गाव इतकं उतावीळ होतं की आधी आलेल्यांनी आपल्या जमिनीची पट्टी सोडून त्याला वाट करून दिली. १८५३ मध्ये गिरणी सुरू झाली. सोन्याच्या लाटेवर वाढणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोला लाकूड हवं होतं, आणि कापणाऱ्यांमध्ये ज्यांची ही भूमी त्या डुवामिश लोकांचाही समावेश होता. टेकडीवरून गिरणीकडे उतरणारी वाट आधी मिल स्ट्रीट झाली, मग येस्लर वे. पुढे हाच रस्ता शहराची फाळणी करणारी रेघ बनला: उत्तरेला सभ्य गाव, दक्षिणेला सलून, जुगार आणि वेश्यावस्ती. मरे मॉर्गन यांनी १९५१ मध्ये सिअ‍ॅटलचा इतिहास लिहिला तेव्हा पुस्तकाचं नावच ‘स्किड रोड’ ठेवलं, आणि दावा जवळपास पक्का झाला. तरी व्हँकुव्हरवाले हेस्टिंग्ज मिलकडे बोट दाखवतात आणि पोर्टलंडवाले बर्नसाइड रस्त्याकडे. मला या भांडणात रस नाही, कारण त्यातून चुकीचा प्रश्न विचारला जातो. शब्द एका रस्त्यावरून उचलला गेला असता तर तो त्या गावाचं विशेषनाम राहिला असता. तो सामान्यनाम झाला, कारण या किनाऱ्यावरच्या प्रत्येक लाकूडगावात एकच यंत्रणा चालू होती आणि प्रत्येक गावात तशी एक वस्ती होती.

ती यंत्रणा म्हणजे मजुरांचा बाजार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्किड रोड हा शब्द गावातल्या वस्तीसाठी वापरलेला सापडतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘लाकूडतोडे जिथे असतात तो भाग’ इतकाच आहे. लाकूडतोड्यांना तिथे जावंच लागे. छावण्या डोंगरात, घरदार नाही, काम हंगामी; हिवाळ्यात बर्फाने बंद, कडक उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने बंद, लाकडाचा भाव पडला की कुठल्याही महिन्यात बंद. बंद झाली की माणूस गावात येई तो स्वस्त खोलीत, स्वस्त खाणावळीत, आणि रोजगार दलालांच्या पाट्यांसमोर. दलाल पैसे घेऊन काम देत. दलाल आणि छावणीचा मुकादम यांचं संगनमत असलं की माणसाला चार दिवसांत काढून टाकायचं आणि त्याच जागेची दलाली नव्याने वसूल करायची. एक टोळी कामावर, एक येणारी आणि एक परतणारी, अशा तीन टोळ्या प्रत्येक छावणीला लागतात, हा तिथला कडवट विनोद होता. या दलालांविरुद्ध ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी १९०९ मध्ये स्पोकेन शहरात रस्त्यावर भाषणं द्यायला सुरुवात केली. शहराने रस्त्यावरच्या भाषणांना बंदी घातली होती, म्हणून एकेक जण पेटीवर चढे, बोलायला लागे आणि तुरुंगात जाई. तुरुंग ओसंडून वाहिला तेव्हा शहराला नमतं घ्यावं लागलं आणि कित्येक दलालांचे परवाने गेले. या माणसांना घसरलेले म्हणायचं तर शब्दकोशच बदलावा लागेल.

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. स्किड रोडवर दारू होती, जुगार होता, वेश्याव्यवसाय होता. सहा महिन्यांची कमाई एका आठवड्यात उडवणारे लाकूडतोडे कल्पनेतले नव्हते. पोर्टलंडमधला लाकूडसम्राट सायमन बेन्सन याने १९१२ मध्ये पाणी पिण्याची वीस कांस्य कारंजी बसवण्यासाठी शहराला दहा हजार डॉलर दिले, आणि आपल्या मजुरांना सलूनबाहेरही काही प्यायला मिळावं हा त्यामागचा हेतू असल्याचं सांगतात. कारंजी आजही वाहतात. पण मालकाला सलून दिसलं आणि छावणी दिसली नाही, यात मोठी खुबी आहे. छावणीत दोन मजल्यांच्या लाकडी बाकड्यांवर झोपायचं, ओले कपडे त्याच खोलीत शेकायचे, आणि अंथरूण-पांघरुणाची वळकटी स्वतःच्या पाठीवर घेऊन यायची. मालक ती देत नसे. वळकटी पाठीवर आहे म्हणून गावात माणूस भटक्या ठरे, आणि वळकटी नाही म्हणून छावणीत झोपायला जागा नसे. सलूनमध्ये ऊब होती, चेक वटवायची सोय होती, कामाची बातमी होती. दारू होती हे खरं, पण वस्ती उभी राहिली ती कामाच्या तऱ्हेमुळे. दारूवाले गर्दीच्या मागे आले.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मग हा मजुरांचा स्वर्ग होता का? अजिबात नाही. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकूडगिरण्यांत काम करणाऱ्या, बहुतांशी पंजाबी शीख असलेल्या भारतीयांना घराबाहेर ओढून मारहाण केली. काही दिवसांत जवळपास सगळे भारतीय गाव सोडून गेले. एव्हरेटमध्ये १९१६ साली आणि सेंट्रेलियात १९१९ साली स्पोकेनमध्ये लढलेली तीच संघटना आणि तिचे विरोधक यांच्यात गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली. मी स्किड रोडला पवित्र करू पाहत नाही. एवढंच म्हणतो की तो कष्टकऱ्यांचा मोहल्ला होता, आणि कुठल्याही कष्टकरी मोहल्ल्यात असतं ते सगळं, दुष्टावाही, तिथे होतं.

मग शब्दातून काम गेलं कसं? आधी ते जंगलातूनच गेलं. १८८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या युरेका इथे जॉन डॉल्बीरने वाफेवर चालणारं ओढयंत्र बनवलं. त्याला गमतीने ‘डाँकी’ म्हणत. बैल, बैलवाला आणि तेलाची बादली घेतलेला पोऱ्या हळूहळू बाद झाले, मग रूळ आले, मग ट्रक. म्हणजे शब्द गावात रुजत होता तेव्हा त्याचा मूळ रस्ता जंगलात जुना होत चालला होता. १९१७ च्या लाकूडतोड्यांच्या संपाने उरलेलं बदललं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांसाठी स्प्रूसचं लाकूड हवं होतं, सरकारला संप परवडणारा नव्हता. सैन्याने स्वतःची टोळी जंगलात उतरवली, मालक-मजुरांची एक ‘निष्ठावंत’ संघटना उभी केली, आणि १ मार्च १९१८ पासून आठ तासांचा दिवस दिला. स्वच्छ गाद्या-चादरी देणंही मालकांवर आलं. वळकट्या जाळण्याचे समारंभ झाले. नंतरच्या दोन दशकांत मोटारी आणि रस्ते आले तसा लाकूडतोड्या घर करून राहू लागला, सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी परतू लागला. स्किड रोडवर उरले ते वय झालेले, हातपाय गमावलेले, किंवा ज्यांना आता कुणी कामावर घेत नव्हतं असे.

याच काळात मालगाड्यांवरून फिरणाऱ्या हंगामी मजुरांनी हा शब्द पूर्वेकडे नेला, आणि वाटेत ‘रोड’चं ‘रो’ झालं. इंग्रजीत ‘रो’ म्हणजे घरांची रांग. गल्लीच्या नावात तो शब्द सहज बसतो, आणि उच्चारही जवळचा. ओरेगॉनचे लेखक स्ट्यूअर्ट होलब्रूक यांनी लाकूडछावण्यांत काम केलं होतं आणि १९३८ मध्ये लाकूडतोड्यांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. ते या ‘रो’वर आयुष्यभर चिडत राहिले, हा पूर्वेकडच्या पत्रकारांचा अडाणीपणा आहे, असं त्यांचं म्हणणं. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यांची चिडचिड निरर्थक होती, शब्द बदलतातच. पण एक गोष्ट त्यांना नीट कळली होती: रस्ता कुठून तरी कुठे तरी जातो, आणि त्यावरून परतता येतं. रांग मात्र जागच्या जागी उभी असते. शिकागोची वेस्ट मॅडिसन स्ट्रीट किंवा न्यूयॉर्कची बावरी इथे लाकडाचा एक ओंडकाही कधी ओढला गेला नव्हता. तरी दोन्हींना हे नाव मिळालं, कारण आता नावाला ओंडक्याची गरज उरली नव्हती. १९२० च्या आसपास ‘ऑन द स्किड्स’, म्हणजे उतरणीला लागलेला, हा वाक्प्रचारही रूढ झाला. काही जण म्हणतात की वस्तीचं नाव या वाक्प्रचारावरूनच आलं. पण ‘लाकूडतोड्यांचा मोहल्ला’ हा वापर त्याआधीचा आहे, त्यामुळे क्रम उलटा लावता येत नाही. वाक्प्रचाराने नावाला जन्म दिला नाही. त्याचा अर्थ मात्र आपल्याकडे ओढून घेतला.

आता शब्द वैद्यक आणि समाजशास्त्राच्या हाती आला. दुसऱ्या महायुद्धात सगळ्यांना काम मिळालं तशा या वस्त्या रोडावल्या; युद्धानंतर त्यांच्याकडे पाहिलं गेलं ते अभ्यासाची वस्तू म्हणून. डोनाल्ड बोग यांनी शिकागोत मोठी पाहणी करून १९६३ मध्ये ‘स्किड रो इन अमेरिकन सिटीज’ प्रसिद्ध केलं. तिथे राहणाऱ्यांत दारूत बुडालेले अल्पसंख्य होते. बरेच जण वृद्धापकाळाच्या तुटपुंज्या पेन्शनवर जगणारे, आजारी, किंवा अधूनमधून मिळेल ते काम करणारे होते, असं त्यातून दिसलं. म्हणजे आकडे ‘निवृत्त मजूर’ म्हणत होते आणि शब्द ‘दारुडा’ म्हणत होता. जिंकला शब्द. तोडगा असा निघाला की वस्तीच पाडावी. मिनीॲपोलिसचा गेटवे हा भाग एकेकाळी लाकूड, शेती आणि रेल्वे या तिन्ही कामांसाठी मजूर पुरवणारा मोठा बाजार होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो सरसकट जमीनदोस्त व्हायला सुरुवात झाली. दारूची दुकानं पाडली तशाच स्वस्त खोल्याही पाडल्या. सिअ‍ॅटलने वेगळा मार्ग धरला: पाडापाडीच्या योजनांना विरोध झाला आणि १९७० मध्ये पायोनियर स्क्वेअर हा संरक्षित ऐतिहासिक भाग ठरला. इमारती वाचल्या, आणि आता पर्यटक त्याच रस्त्यावर स्किड रोडची मजेदार गोष्ट ऐकतात.

इथे सर्वांत मोठा आक्षेप उभा राहतो. आजच्या लॉस एंजेलिसच्या स्किड रोवर कुणी माजी लाकूडतोड्या नाही. तिथे अमली पदार्थ आहेत, उपचाराविना सोडून दिलेले मानसिक आजार आहेत, आणि शहराच्या मानाने कृष्णवर्णीयांचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. मग शब्दाचा मजुरीचा इतिहास उकरून मिळणार काय? आक्षेपातली माहिती खरी आहे. पण ही वस्ती रेल्वेस्थानकांच्या आसऱ्याने, हंगामी कामगारांच्या स्वस्त हॉटेलांमधून उभी राहिली. १९७६ मध्ये शहराने धोरण ठरवलं की निवारे, मोफत जेवण आणि स्वस्त खोल्या याच काही चौकांत ठेवायच्या. गरिबांच्या बाजूच्या लोकांनीही त्याला पाठिंबा दिला, कारण दुसरा पर्याय बुलडोझर होता. त्या धोरणाने काही हजार खोल्या वाचल्या, आणि त्याच वेळी बाकीच्या शहराने आपली जबाबदारी त्या चौकांत लोटून दिली. घर नसण्याची कारणं बदलली. पण ती वस्तीतल्या माणसाच्या स्वभावात शोधायची सवय ‘रो’ या शब्दाबरोबर आलेलीच आहे. दक्षिण ओरेगॉनमधलं ग्रँट्स पास हे लाकडाच्या धंद्यावर वाढलेलं गाव. तिथल्या नियमानुसार सार्वजनिक जागी मुक्कामासाठी ब्लँकेट पसरणं हा दंडाला पात्र गुन्हा झाला, दंड २९५ डॉलर. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम वैध ठरवला. त्याच राज्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ब्लँकेट पाठीवर असल्याशिवाय छावणीत काम मिळत नव्हतं.

नावाचं काय करायचं, यावर अशा वस्त्यांत राहणाऱ्यांनी दोन उलटी उत्तरं दिली आहेत. व्हँकुव्हरमध्ये १९७३ साली रहिवाशांनी संघटना बांधली आणि ब्रूस एरिक्सन, जीन स्वॉन्सन, लिबी डेव्हिस या कार्यकर्त्यांनी वर्तमानपत्रांना व नगरपालिकेला ठणकावलं की आम्हाला स्किड रोड म्हणायचं नाही. या भागाचं नाव डाउनटाउन ईस्टसाइड. त्यांचा युक्तिवाद साधा होता: इथे राहणारे बरेच जण म्हणजे जंगलांत, खाणींत, बोटींवर अंग झिजवून थकलेले किंवा जायबंदी झालेले कामगार आहेत, आणि ही वस्ती त्यांचं घर आहे. नवं नाव रुळलं. लॉस एंजेलिसमध्ये मात्र रहिवाशांना तेच नाव हवं होतं. २०१४ मध्ये त्यांनी सॅन ज्युलियन स्ट्रीटवर शहराच्या अधिकृत फलकासारखा मोठा फलक भिंतीवर रंगवून घेतला, त्यात स्किड रोची हद्द दाखवली आणि लोकसंख्येच्या जागी ‘फार जास्त’ असं लिहिलं. त्यांना नकाशातून पुसलं जायचं नव्हतं, आणि मला त्यांची भीती रास्त वाटते: नाव बदललेल्या जागा विकणं बिल्डरांना सोपं जातं. २०१७ मध्ये त्यांनी स्किड रो या नावाने स्वतंत्र परिसर परिषदेची मागणी मतदानाला नेली. ऑनलाइन मतदानाची सोय, आणि तीही तंबूत राहणाऱ्यांच्या वस्तीत, यावरून वाद झाला. मागणी थोडक्या मतांनी फेटाळली गेली.